ज्याला 'आतलं' असं काही नाहीच : ग्राफीन आणि त्याची भावंडं

षटकोनी (धागाकर्ता)

ग्राफीन हा शब्द इथे दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्यातरी धाग्यात डोकावतोच. कधी त्याने बॅटरी डोळ्याचं पातं लवायच्या आत चार्ज होणार असते, कधी थेट अवकाशात लिफ्ट जाणार असते. दर वेळी मी अर्धा प्रतिसाद टंकतो आणि कंटाळून खिडकी बंद करतो. आज एकदाचं बसून लिहितो. या पदार्थांसोबत प्रयोगशाळेत काही वर्षं काढली आहेत, तेव्हा पूर्वग्रह आधीच कबूल करतो: यांच्या गुणांवर माझं प्रेम आहे, यांच्या जाहिरातींवर नाही.

पेन्सिलीत 'शिसं' असतं असं आपण म्हणतो, पण त्यात शिसं औषधालाही नसतं. ते ग्राफाइट आणि चिकणमातीचं मिश्रण. ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या पत्र्यांची चळत. एका पत्र्यात प्रत्येक कार्बन अणू तीन शेजाऱ्यांना घट्ट धरून बसलेला, दोन अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर, नक्षी मधाच्या पोळ्यासारखी. पण वरच्या आणि खालच्या पत्र्यात नुसती तोंडओळख, मध्ये ०.३३५ नॅनोमीटरचं अंतर आणि व्हॅन डर वाल्स नावाचं दुबळं आकर्षण. म्हणून तर पेन्सिल घासली की पत्रे सरकून कागदावर उतरतात. एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये असे सुमारे ३० लाख पत्रे असतात. त्यातला एक सुटा काढला की ते ग्राफीन.

असा एकच पत्रा असेल तर त्यातले इलेक्ट्रॉन कसे वागतील याचं गणित फिलिप वॉलेस यांनी १९४७ मध्येच मांडलं होतं. पत्रा हाती लागून त्याचे गुण मोजायला मात्र २००४ उजाडलं. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी तो चिकटपट्टीने काढला. ग्राफाइटचा पृष्ठभाग ताजा, स्वच्छ करायला चिकटपट्टी लावून ओढायची रीत आधीपासून होतीच. पट्टी कचऱ्यात जायची. यांनी ती कचऱ्यातली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यावर मिळालं.

मी स्वतः हे काम शेकडो वेळा केलंय, ते कसं दिसतं ते सांगतो. ग्राफाइटची चकचकीत कपची पट्टीवर ठेवायची, पट्टी दुमडून दाबायची, उघडायची. एकाच्या दोन कपच्या, दोनाच्या चार. आठ-दहा वेळा केलं की चंदेरी चमक जाऊन पट्टीभर मळकट करडा डाग पसरतो. मग ती सिलिकॉनच्या तुकड्यावर दाबायची आणि अगदी हळू, श्वास रोखून सोलायची. या सिलिकॉनवर ३०० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो जांभळट दिसतो. त्यावर जाड ग्राफाइट पिवळट चमकतं, थोडं पातळ असेल तर निळं. आपल्याला हवा असतो तो जांभळ्यावरचा किंचित गडद जांभळा डाग, पाण्याचा ओघळ वाळून राहावा तसा. नवख्याला दाखवला तर तो विचारतो, 'कुठे?' आणि गंमत बघा, तोच ऑक्साइड ३०० ऐवजी ३१५ नॅनोमीटरचा निघाला तर हा डाग दिसेनासा होऊ शकतो. ग्राफीन तिथेच असतं, आपण आंधळे होतो.

आता मुद्दा. लोक 'पातळ' या शब्दावर अडकतात. माझ्या मते खरी गोष्ट वेगळी आहे: या पदार्थाला आतली बाजू नसते. कुठल्याही ठोकळ्यात बहुसंख्य अणू आत सुरक्षित असतात आणि मोजके पृष्ठभागावर. इथे प्रत्येक अणू उघड्यावर, दोन्ही बाजूंनी. एका ग्रॅम ग्राफीनचा पृष्ठभाग हिशेबाने २६३० चौरस मीटर भरतो. म्हणून आजूबाजूचं सगळं त्याला जाणवतं: खालचा आधार, वर बसलेला वायूचा रेणू, धुताना राहिलेला मळ. संवेदक म्हणून उत्तम का, आणि कारखान्यात बनवायला डोकेदुखी का, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

भावंडांची ओळख थोडक्यात. षटकोनी बोरॉन नायट्राइड, म्हणजे एचबीएन: नक्षी तीच, पण वीज अजिबात वाहू देत नाही. फॉस्फरीन, काळ्या फॉस्फरसचा पापुद्रा: २०१४ मध्ये त्याचे ट्रान्झिस्टर आले, गुण देखणे, पण हवा, ओल आणि उजेड एकत्र मिळाले की कुजतो. मॅक्सीन: २०११ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठात टायटॅनियम-ॲल्युमिनियम-कार्बनच्या थरांमधून हायड्रोफ्लोरिक आम्लाने नेमकं ॲल्युमिनियम खाऊन टाकून मिळालेले पत्रे. धातूसारखे वीज वाहतात आणि पाण्यात सहज मिसळतात, असा जोडा क्वचित जमतो.

आणि माझं लाडकं, मॉलिब्डेनम डायसल्फाइड. वंगण म्हणून हे काळं भुकटं यंत्रांमध्ये कित्येक दशकं वापरात आहे. एका पत्र्यात मध्ये मॉलिब्डेनम, वर-खाली गंधक, जाडी साधारण ०.६५ नॅनोमीटर. ठोकळा असताना हा अर्धवाहक प्रकाश देण्यात अगदी मठ्ठ. इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जापट्ट्यातून खाली यायचं तर ऊर्जेसोबत संवेगही बदलावा लागतो, आणि तो योग सहजी येत नाही. थर कमी करत एकावर आणा, आणि दोन ऊर्जापट्ट्यांमधलं अंतर १.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टवरून १.८ च्या आसपास जातं, शिवाय सरळ होतं, म्हणजे संवेग बदलायची गरज उरत नाही. इलेक्ट्रॉन थेट खाली उडी मारतो आणि लाल प्रकाश बाहेर पडतो. २०१० मध्ये दोन गटांनी हे दाखवलं. दोन थर असताना जवळपास अंधार, एक थर आणि लख्ख. अणू तेच, रचना तीच, फक्त शेजारी काढून घेतला! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उपकरण बिघडलंय असं वाटून नमुना बदलून पुन्हा मोजलं होतं.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देतो.

निवांत७

वाचनखूण साठवली. शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर वाणिज्य शाखेला गेलो नसतो.

पेन्सिलवाला

मस्त लेख. एक बाळबोध शंका: 'पोलादापेक्षा २०० पट मजबूत' हे खरं की फेकाफेक? तसं असेल तर अजून पूल का नाही बांधले?

षटकोनी

@पेन्सिलवाला, बाळबोध नाही, हाच प्रश्न नीट विचारला जात नाही.

आकडा खरा आहे. २००८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात एका छिद्रावर ग्राफीन ताणून बसवलं आणि सूक्ष्म टोकाने दाबून फोडलं. तुटायच्या वेळचा ताण सुमारे १३० गिगापास्कल, ताठरपणा सुमारे १ टेरापास्कल. नोबेल समितीने एक झकास चित्र रंगवलं होतं: एक चौरस मीटर ग्राफीनचा झोळणा बांधला तर त्यात ४ किलोची मांजर झोपू शकेल, आणि झोळण्याचं वजन ०.७७ मिलिग्रॅम, म्हणजे मांजरीच्या एका मिशीएवढं.

पण हा हिशेब निर्दोष पत्र्याचा, आणि मांजर नखं आत घेऊन झोपली आहे असं धरून. एकदा चीर पडली की ग्राफीन काचेच्या वळणावर जातं, चीर धावत सुटते. आणि पूल पत्र्याचा नसतो, ठोकळ्याचा असतो. ठोकळ्यासाठी ग्राफीनचे तुकडे राळेत किंवा सिमेंटमध्ये मिसळावे लागतात. मग मजबुती ठरते तुकडा किती मोठा, तो राळेला किती घट्ट धरतो आणि तुकडे गोळा होऊन गुठळ्या झाल्या का यावर. पत्र्यांना एकमेकांना बिलगायची भारी हौस, त्यामुळे गुठळ्या होतातच. गुठळी म्हणजे परत ग्राफाइट. शून्यावर आलो.

साशंक

एक जुनी गोष्ट आठवते. लांडाऊ आणि पायर्ल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकातच म्हटलं होतं की द्विमितीय स्फटिक टिकूच शकत नाही, उष्णतेच्या थरथरीने त्याची शिस्त मोडते. मग हे काय?

षटकोनी

@साशंक, गणित बरोबर होतं, ग्राफीनने त्यातून पळवाट काढली. एक तर बहुतेक वेळा त्याला खाली आधार असतो. दुसरं, अधांतरी ठेवलेलं ग्राफीन सपाट नसतंच. २००७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसलं की त्यावर हलक्या लाटा असतात. म्हणजे तिसऱ्या मितीत थोडं डोलून ते स्वतःला सावरतं. 'द्विमितीय' हा शब्द इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत काटेकोर आहे, पत्र्याच्या बाबतीत थोडा सैल.

निवांत७

मी संगणकवाला, तेव्हा माझा प्रश्न ठरलेला. ग्राफीनचा प्रोसेसर कुठे अडला? इलेक्ट्रॉन त्यात सिलिकॉनच्या कित्येक पट चपळ धावतात असं दहा वर्षांपूर्वीपासून वाचतोय.

षटकोनी

@निवांत७, धावतात, आणि तेच नडतं. थांबवताच येत नाहीत.

आधी चपळाईचा आकडा. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनची मोबिलिटी १४०० च्या घरात, एकक सेंटिमीटर वर्ग प्रति व्होल्ट-सेकंद. अधांतरी ताणलेल्या, अतिशय थंड केलेल्या ग्राफीनमध्ये २००८ मध्ये २ लाखांच्या आसपास मोजली गेली. तेच ग्राफीन नेहमीच्या सिलिकॉन ऑक्साइडवर ठेवलं की आकडा दहा हजारांच्या आसपास घसरतो, कारण खालच्या ऑक्साइडचा खडबडीतपणा आणि अडकलेले विद्युतभार. पाहा, 'आतलं' नसल्याची शिक्षा! २०१० मध्ये ऑक्साइडऐवजी एचबीएनची गादी घातली आणि मोबिलिटी परत उसळली. जगभरच्या प्रयोगशाळांना लागणारे उत्तम एचबीएन स्फटिक बरीच वर्षं जपानमधल्या त्सुकुबा इथून, तानिगुची आणि वातानाबे या जोडीकडून येत राहिले. शेकडो शोधनिबंधांवर त्या दोघांची नावं आहेत ती म्हणूनच.

आता थांबवण्याचं. ट्रान्झिस्टर म्हणजे शेवटी नळ. ग्राफीनमध्ये दोन ऊर्जापट्ट्यांमधलं अंतर शून्य, त्यामुळे तोटी कितीही पिळा, धार चालूच. रेडिओलहरींच्या परिपथात चालून जाईल, पण शून्य-एकच्या हिशेबात गळका नळ कुचकामी. मॉलिब्डेनम डायसल्फाइडला हे अंतर जन्मजात आहे. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठात त्याच्या एका पत्र्याचा ट्रान्झिस्टर बनला, चालू आणि बंद प्रवाहांचं गुणोत्तर १० कोटी. त्याची मोबिलिटी ग्राफीनच्या पासंगालाही पुरत नाही, तरी बाजी त्याने मारली.

सिलिकॉनलाच पातळ का करत नाही, हा पुढचा प्रश्न मीच विचारतो. केलं, पण तीन-चार नॅनोमीटरच्या खाली त्याचा पृष्ठभाग खडबडीत, तुटके बंध लोंबणारा, आणि इलेक्ट्रॉन त्यात ठेचकाळतात. द्विमितीय पदार्थाचा पृष्ठभाग निसर्गतःच पुरा झालेला असतो, लोंबणारं काही नाही.

निवांत७

म्हणजे चिप बनलीच असेल की एव्हाना?

षटकोनी

बनलीये. २०२५ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठाने मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ५९०० ट्रान्झिस्टर जोडून ३२ बिटांचा, रिस्क-फाइव्ह (RISC-V) या खुल्या आज्ञासंचावर चालणारा प्रोसेसर दाखवला. तुलनेला घ्या: १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये २३०० ट्रान्झिस्टर होते. म्हणजे हुरळून जायचं कारण नाही, पण टिंगल करायचंही नाही. माझ्या लेखी अडचण चिपच्या मधोमध नाही, कडेला आहे. धातूचं टोक या पत्र्याला टेकवलं की सांध्यावर रोध भलताच वाढतो. ठोकळ्यात धातूखालचा भाग अशुद्धी घालून तयार करून घेता येतो; इथे तीन अणूंच्या जाडीत घालणार काय आणि कुठे?

रसायनी

उशिरा आले. छान धागा, पण भौतिकशास्त्रवाल्यांच्या सवयीप्रमाणे चिकटपट्टीवरच मुक्काम पडलाय. :) चिकटपट्टीने मिळतात मायक्रॉनांतले तुकडे, त्यातून उद्योग उभा राहत नाही. आम्हा रसायनवाल्यांची बाजू ऐका.

मोठा सलग पत्रा हवा असेल तर तांब्याच्या पातळ फॉइलवर सुमारे १००० अंशांना मिथेन सोडायचा. कार्बन तांब्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पृष्ठभाग झाकला गेला की वाढ आपोआप थांबते आणि बहुतांश एकच थर मिळतो. २००९ ची पद्धत. ऐकायला सोपं, पण खरा ताप पुढे आहे. वर पीएमएमए या प्लास्टिकचा लेप द्यायचा, खालचं तांबं फेरिक क्लोराइडसारख्या द्रावणात विरघळवायचं, पाण्यावर तरंगणारा तो जवळपास अदृश्य पडदा हव्या त्या तुकड्यावर अलगद झेलायचा, मग ॲसिटोनने प्लास्टिक धुवायचं. पडदा झेलताना एक सुरकुती पडली की दिवस वाया. आणि प्लास्टिक कधीही पूर्ण जात नाही. षटकोनीदादा म्हणतात तसं सगळाच पृष्ठभाग, तेव्हा राहिलेलं प्लास्टिकही त्या पदार्थाचाच भाग होऊन बसतं.

भुकटी हवी असेल तर ग्राफाइट ऑक्साइडचा रस्ता. ब्रॉडी यांनी १८५९ मध्ये तो पहिल्यांदा बनवला, आज वापरतात ती हमर्स यांची १९५८ ची कृती: गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट. ऑक्सिजनचे गट चिकटले की पत्रे फुगून सुटे होतात, पाण्यात तपकिरी द्रावण तयार. पण हे ग्राफीन नव्हे! वीज वाहत नाही. मग रसायनाने किंवा उष्णतेने ऑक्सिजन काढायचा; तो बराचसा जातो, भोकं मागे राहतात. ग्राफीन, ग्राफीन ऑक्साइड आणि ऑक्सिजन काढलेलं ग्राफीन ऑक्साइड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाजारात तिन्ही एकाच नावाने खपतात.

माझाच किस्सा. एका विक्रेत्याकडून 'एक थर, शुद्ध' असं लिहिलेली बाटली मागवली. महिनाभर त्यावर सुपरकपॅसिटरचे (झटपट चार्ज होणाऱ्या वीजसाठ्याचे) प्रयोग केले, निकाल रडतखडत. शेवटी वैतागून रामन वर्णपट काढला, म्हणजे लेसर टाकून विखुरलेला प्रकाश तपासला. खऱ्या एका थराचा वर्णपट कसा असतो? १५८० जवळ 'जी' (G) नावाचं शिखर, २७०० जवळ त्याच्या दुप्पट उंच, सुबक, एकसंध 'टूडी' (2D) शिखर (एकक प्रति सेंटिमीटर). माझ्या पडद्यावर टूडी बुटकं, पसरट, एका बाजूला खांदा काढलेलं. पाठ्यपुस्तकातलं ग्राफाइट! महिनाभर मी महागडी पेन्सिल उगाळत होते.

पेन्सिलवाला

माझ्या नावाचा असा उल्लेख होईल असं वाटलं नव्हतं.

षटकोनी

@रसायनी ताई, दंडवत. तुमचा अनुभव एकट्याचा नाही. २०१८ मध्ये ६० उत्पादकांचे नमुने तपासणारा एक अभ्यास आला होता. बहुतेकांच्या मालात दहापेक्षा कमी थरांचं, म्हणजे ज्याला ग्राफीन म्हणता येईल असं काही १० टक्क्यांहूनही कमी निघालं. उरलेलं बारीक दळलेलं ग्राफाइट. तेव्हा 'ग्राफीन घालून पाहिलं, काही फरक पडला नाही' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, घातलं काय होतं?

साशंक

हे सगळं ठीक, पण वीस वर्षांत पदरात पडलं काय? कृपया 'क्रांती' हा शब्द न वापरता सांगा.

रसायनी

@साशंक, बिनाक्रांतीची उत्तरं:

उष्णता पसरवणारे पातळ पडदे फोनमध्ये आले. तांब्याची उष्णतावाहकता ४०० वॉट प्रति मीटर-केल्व्हिन, उत्तम ग्राफीनची २००० च्या वर मोजली गेली आहे. पण फोनमधले पडदे पुष्कळ थरांचे असतात, त्यांना ग्राफीन म्हणावं का यावर वाद घालता येईल. फोर्डने २०१८ मध्ये गाडीच्या बॉनेटखालच्या फोममध्ये किंचित ग्राफीन मिसळायला घेतलं, आवाज आणि उष्णता कमी करायला. रुक्ष, पण असाच उपयोग टिकतो.

मॅक्सीनचा विद्युतचुंबकीय ढालीचा गुण मला सगळ्यात ठोस वाटतो. २०१६ चं मोजमाप: ४५ मायक्रोमीटरच्या पडद्याने ९२ डेसिबल अडवले, म्हणजे दीड अब्जातला जेमतेम एक भाग पलीकडे गेला. दुखणं असं की पाण्यात ठेवलं तर हळूहळू टायटॅनियम डायऑक्साइड होऊन पांढरं पडतं. बाटली फ्रीजमध्ये, ऑक्सिजन काढून ठेवावी लागते.

पाणी गाळण्याबद्दल लोक फार बोलतात. ग्राफीन ऑक्साइडच्या पडद्यातून हेलियमही जात नाही पण पाण्याची वाफ बिनदिक्कत जाते, हे २०१२ मध्ये मँचेस्टरला दिसलं आणि सगळे नाचले. मग कळलं की पाण्यात बुडवल्यावर पत्र्यांमधली फट फुगते आणि मिठाचे आयन आरामात निघून जातात. तेव्हापासून निम्मं संशोधन त्या फटीला आवर घालण्यावर चाललंय.

आणि दादांचं लाडकं मॉलिब्डेनम डायसल्फाइड पाण्यातून हायड्रोजन काढायला उत्प्रेरक म्हणून चालतं, पण फक्त कडांवर. सपाट भाग निव्वळ ओझं. पृष्ठभागाचं एवढं कौतुक झालं म्हणून हे मुद्दाम सांगितलं. :)

षटकोनी

हा टोला मान्य.

दोन भर घालतो. संवेदक: ग्राफीनवर बसणारे नायट्रोजन डायऑक्साइडचे रेणू एकेक करून मोजता आले, २००७ मध्ये. प्रत्यक्ष वापरात अडचण संवेदनेची नाही, निवडीची आहे. ते प्रत्येकाची दखल घेतं, कोण आलं ते सांगत नाही. दुसरं, मेंदूवर ठेवायचे इलेक्ट्रोड. पातळ आणि लवचिक असल्याने मेंदूच्या घड्यांवर नीट बसतात. २०२४ मध्ये मँचेस्टरमध्ये गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेत ते पहिल्यांदा माणसावर वापरून पाहिले गेले.

मोरपीस

अवांतर: तो 'जादुई कोन' काय प्रकार आहे? कुणीतरी दोन वाक्यांत सांगा.

षटकोनी

दोन वाक्यांत होणार नाही, चार-पाच द्या. दोन बारीक जाळ्या एकमेकींवर ठेवून एक किंचित फिरवली की मोठी, सरकती नक्षी उमटते, ती पाहिली असेल. ग्राफीनचे दोन पत्रे १.१ अंशाने फिरवून ठेवले की अशी नक्षी साधारण १३ नॅनोमीटरची होते आणि तिच्यात इलेक्ट्रॉन इतके मंदावतात की एकमेकांची दखल घ्यायला लागतात. बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी २०११ मध्ये हा कोन गणिताने काढला होता. २०१८ मध्ये एमआयटीच्या पाब्लो हारिलो-हेरेरो यांच्या गटाने प्रत्यक्षात १.७ केल्व्हिनला अतिवाहकता, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहणं, दाखवली. उपयोग विचारू नका. कार्बनखेरीज काहीही न घालता नुसता कोन बदलून नवा गुण मिळतो, मला एवढं पुरे आहे.

निवांत७

आणि हे श्वासातून गेलं तर?

रसायनी

@निवांत७, सुटी भुकटी हाताळताना मी मास्क आणि धूरकपाट सोडत नाही. २०२१ मध्ये कॅनडाने ग्राफीन असलेले मास्क वापरू नका असा इशारा दिला होता. २०२४ मध्ये एडिंबरोच्या प्रयोगात १४ स्वयंसेवकांनी शुद्ध, नियंत्रित मापाचं ग्राफीन ऑक्साइड हुंगलं, तात्काळ अपाय दिसला नाही. पण 'शुद्ध आणि नियंत्रित' हे शब्द महत्त्वाचे. माझ्या त्या बाटलीला हा निकाल लागू नाही.

पेन्सिलवाला

धागा वाचून राहवलं नाही. पेन्सिलीचं टोक, चिकटपट्टी आणि मुलीचा शाळेचा सूक्ष्मदर्शक घेऊन बसलो. पट्टी वीस वेळा दुमडली, काचेवर दाबली. आता शोधू काय?

षटकोनी

@पेन्सिलवाला, वा! पण पेन्सिलीत माती असते, ग्राफाइटची नैसर्गिक कपची मिळाली तर बरं. काचेवर सिलिकॉनसारखा जांभळा रंग मिळणार नाही, मात्र खालून उजेड सोडला तर एक युक्ती आहे. एक थर पांढऱ्या प्रकाशाचा २.३ टक्के भाग शोषतो, दोन थर ४.६, तीन साधारण ७. हा आकडा ग्राफीनच्या नमुन्यावर अवलंबून नाही, तो पाय (π) गुणिले सूक्ष्मरचना स्थिरांक (प्रकाश आणि विद्युतभार यांच्यातल्या नात्याची ताकद सांगणारा आकडा), म्हणजे थेट निसर्गाच्या मूळ आकड्यांतून येतो. एखाद्या पातळ कपचीच्या कडेला करड्या रंगाच्या पायऱ्या दिसतात का पाहा. सगळ्यात फिकट पायरी शोधा.

पेन्सिलवाला

सापडली! फोटो चढवलाय. डाव्या कोपऱ्यात, गोलसर, एकदम फिकट करडी. एक थर ना?

षटकोनी

तो चिकटपट्टीचा गोंद आहे.

रसायनी

गोंदच. पण त्याच्या उजवीकडे, कपचीच्या टोकाला सरळ कड असलेलं काहीतरी आहे. तिथे फोकस करून पुन्हा काढा.